स्पीकर

चांदपाशाचा फोन उघडला कॅमेऱ्यासाठी
आणि कळलं, स्पीकर केव्हाचाच गेलाय.
किती दिवस झाले असतील, कोण सांगणार?
सवयीनं तोंडातून निघून गेलं माझ्या,
"दीडशे होतील, बसवू का नवा?"
थोडेफार ओठ वाचतो तो.
आधी उमजलं नाही. मग उमजलं.
मग असा हसला
की वाटीतले बारके स्क्रू सांडले.
जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही
तो स्पीकर गेल्याच्या बातमीवर हसतो,
तेव्हा दुकानदारानं काय करावं?
पैसे कॅमेऱ्याचेच घेतले.

सेलूत, स्टेशन रोडला,
आमची दुकानं भिंतीला भिंत लावून.
त्याचं टेलरिंग, माझं रिपेअरिंग.
त्याची मशीन पळायली की माझा चहा थरथरतो.
ती थरथर त्यालाही कळते, तळपायातून.
आमच्यात तेवढंच एक ऐकणं सामाईक.

रेश्मा त्याची धाकटी बहीण. तीही तशीच.
दोघं एका भाषेत वाढले
जी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कुणाला येत नव्हती.
मिरची म्हणजे जिभेला चिमटा,
अब्बा म्हणजे खांद्यावरचा रुमाल,
नदी म्हणजे, का कोण जाणे, कान धरणं.
ती लग्न होऊन उदगीरला गेली
आणि ती भाषा उभी फाटली, ताग्यासारखी.
शाळा दोघांनाही नाही, म्हणून चिठ्ठी नाही.
फोन शेजाऱ्यांचा.
इकडचे शेजारी विचारायचे,
तिकडचे शेजारी सांगायचे, "ठीक है."
अकरा वर्षं.
ठीक है.

मग व्हिडिओ कॉल आला.
पण एक अडचण, जी कंपनीच्या ध्यानात आली नसावी.
एका हातात फोन धरला
की उरलेल्या हातानं वाक्य अर्धंच होतं,
आणि अर्ध्या वाक्यात
सख्ख्या बहिणीशी भांडता येत नाही.
त्याच्याच दुकानातला तारेचा हँगर
मी पक्कडीनं वाकवला, दहा मिनिटांचं काम.
आता रिळांच्या डब्यापाशी फोन उभा राहतो
आणि चारही हात मोकळे.

सांजच्याला लाइट गेली की त्यांचं बोलणं तुटतं.
आपलं तसं नसतं,
आपण तर अंधारात जास्तीचंच बोलतो.
परवा त्यानं माझ्याकडून चार्जिंगचा बल्ब नेला.
म्हणलं, काज्याबटणासाठी असंल.
तर स्वतःच्या बोटांवर उजेड पाडायला.

काल भांडले.
आईच्या पाटल्यांवरून, असं मला वाटतं,
कारण तो सारखा मनगट दाखवत होता.
हात एवढ्या तावात, की गळ्यातली टेप खाली पडली.
शेवटी त्यानं फोन उचलला
आणि टेबलावर पालथा घातला.
असा आपटतात फोन, ज्यांना आवाज ठाऊक नाही ते.

एका पँटची तुरपाई होईस्तोवर तो पालथाच.
मी इकडं उगंच एक चांगला चार्जर खोलून बसलो.
मग कात्रीच्या टोकानं त्यानं कड जराशी उचलली.
कॉल चालूच होता.
तिनंही फोन खाली टाकलेला,
स्क्रीनवर नुसता उदगीरचा पंखा फिरत होता.
बऱ्याच वेळानं पंख्याच्या मधोमध तिचा चेहरा आला,
वरून वाकलेला,
विहिरीत बघतात तसा.

पाटल्यांचं काय ठरलं ते मला समजलं नाही.
तिनं बहुतेक विचारलं,
हा मागं कोण टक लावून बघायलाय?
मी मान खाली घातली.
त्यानं भुवईवर बोट ओढलं.
लहानपणी इथं पत्रा लागला होता मला.
तेच माझं नाव, त्यांच्यात.

तिनं ते एकदा म्हणून बघितलं,
उजव्या भुवईवर.
त्यानं मान हलवली, नाही नाही,
आणि माझी हनुवटी धरून
माझं तोंड फोनकडं वळवलं.